एक्सेप्शन पकडायचा कुठे? हळदीच्या हिशोबपट्टीवरून नवख्या प्रोग्रामरसाठी

एक्सेप्शन म्हणजे प्रोग्राम चालताना काही बिघडलं की भाषा देते तो इशारा. बिघडू शकणारा कोड ट्रायमध्ये लिहायचा आणि तो इशारा पकडून काय करायचं ते कॅचमध्ये. कॉलेजात हे एक्सेप्शन हँडलिंग शिकवताना उदाहरण बहुतेक वेळा एकच असतं. दहाला शून्याने भागायचं, कॅचमध्ये ‘काहीतरी चुकलं’ असं छापायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. परीक्षेपुरतं ते चालतं. पण तीच मुलं पहिल्या नोकरीला लागली, किंवा ओळखीच्या दुकानासाठी सॉफ्टवेअर लिहायला बसली, की प्रत्येक फंक्शनला ट्राय-कॅचचं कुंपण घालतात. मग प्रोग्राम कधीच बंद पडत नाही. चुकीची उत्तरं देत तो चालूच राहतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ट्राय-कॅच कसं लिहायचं हे अर्ध्या तासात येतं. कुठे लिहायचं आणि कुठे मुद्दाम लिहायचं नाही, हे समजायला वेळ लागतो. हा लेख त्यासाठी आहे.

उदाहरण सांगलीच्या मार्केट यार्डातलं घेऊ. हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्याचा माल येतो, सौदा निघतो, वजन होतं आणि मग हिशोबपट्टी बनते. वजनाला दराने गुणायचं, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करायची, राहील ती निव्वळ रक्कम. गणित चौथीतलं आहे. माहिती मात्र तीन ठिकाणांहून येते. वजन दिवाणजी कीबोर्डवर टाइप करतात, दर त्या दिवसाच्या सौद्यांच्या फाइलमधून येतो आणि शेतकऱ्याचं खातं डेटाबेसमध्ये असतं. तिन्ही ठिकाणी गडबड होऊ शकते आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

मी मुख्यतः जावा धरून बोलतो आणि जिथे फरक पडतो तिथे पायथन, सी शार्प, सी प्लस प्लस यांचं सांगतो. खालचे नमुने देवनागरीत लिहिलेत ते वाचायला सोपे जावेत म्हणून. प्रत्यक्ष कोडमध्ये भाषेचे शब्द इंग्रजीतच टाइप करायचे, हे सांगायला नकोच.

पहिली पायरी: फुटू द्या आणि वाचा

सुरुवातीला एकही ट्राय लिहू नका. पट्टीचा साधा प्रोग्राम लिहा, चालवा आणि वजनाच्या जागी मुद्दाम ‘बारा पोती’ असं टाइप करा. प्रोग्राम फुटेल आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत दहा-पंधरा ओळी येतील. नवखी माणसं त्या बघून घाबरतात आणि खिडकी बंद करतात. तसं करू नका. यंत्राने तुम्हाला दिलेली सगळ्यात कामाची माहिती त्या ओळींत असते. तिला स्टॅक ट्रेस म्हणतात.

जावामध्ये ती वरून वाचायची. पहिल्या ओळीत एक्सेप्शनचं नाव आणि निरोप असतो, म्हणजे नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, आणि पुढे ज्या मजकुरावर तो अडला तो मजकूर अवतरणचिन्हांत. त्याखाली फंक्शनांची नावं आणि ओळ क्रमांक येतात. जिथे फुटलं ते सगळ्यात वर, त्याला कुणी बोलावलं ते त्याच्या खाली, असं करत मेनपर्यंत. वरच्या दोन-चार ओळी जावाच्या स्वतःच्या लायब्ररीच्या असतात, त्या सोडा. खाली येताना तुमच्या क्लासचं नाव जिथे पहिल्यांदा दिसतं, तिथून शोध सुरू करा. ‘कॉज्ड बाय’ असे शब्द दिसले तर सगळ्यात खालचा ‘कॉज्ड बाय’ बघा, मूळ कारण तिथे असतं.

पायथनमध्ये हाच क्रम उलटा आहे. नेमका एरर शेवटच्या ओळीत येतो आणि त्याच्या लगेच वर फुटलेली ओळ असते. जावावरून पायथनकडे आलेली मुलं पहिल्या ओळीकडे बघत बसतात आणि त्यांना काही उलगडत नाही. पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायची सवय लावा.

हे वाचता आल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी शिकणाऱ्यांना नेहमी सांगतो. ट्रेस वाचता येणाऱ्याला एक्सेप्शनची भीती राहत नाही, आणि भीती गेली की तो दडवायची घाईही होत नाही.

दुसरी पायरी: काय काय बिघडू शकतं ते खरं खरं शोधा

इथे थोडं रेंगाळू. ‘युजर चुकीचं टाइप करेल’ एवढं म्हणून भागत नाही. दिवाणजी नेमकं काय टाइप करतील?

सौद्यांच्या फाइलमधला दरही शेवटी तेच भरतात. समजा तो 14,500 आहे. ते स्वल्पविराम देऊनच लिहिणार, आयुष्यभर तसंच लिहीत आलेत. मजकुरातून पूर्णांक काढणारं जावाचं पार्सइंट त्या स्वल्पविरामावर फुटतं, पायथनचं इंटसुद्धा फुटतं. यात दिवाणजींची चूक नाही. बरोबर लिहिलेली रक्कम तुमच्या प्रोग्रामला वाचता आली नाही. त्यामुळे इथला इलाज कॅचमध्ये नाही. स्वल्पविराम आधी काढून टाका आणि मग आकडा वाचा.

आता मराठी आकडे. कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत वजन टाकलं तर काय होईल? जावाचं पूर्णांक वाचणारं पार्सइंट देवनागरी आकडे बिनतक्रार स्वीकारतं. पण दशांश वाचणारं पार्सडबल ते स्वीकारत नाही, तिथे नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येतो. म्हणजे पोत्यांची संख्या मराठी आकड्यांत चालते, क्विंटलचं वजन चालत नाही. पायथनमध्ये इंट आणि फ्लोट दोन्ही चालतात. सी शार्पमध्ये दोन्ही चालत नाहीत. आपल्याकडच्या वापरणाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे एकदा स्वतः चालवून बघितलंच पाहिजे, कारण बाहेरच्या पुस्तकांत ही अडचण सहसा सापडत नाही.

मोकळी जागाही अशीच फसवते. आकड्याच्या पुढे चुकून स्पेस पडली तर जावाचं पार्सइंट फुटतं, पार्सडबल मात्र कडेच्या स्पेस स्वतःच काढून टाकतं. पायथनचं इंटही काढतं.

भागाकाराचं तर सगळ्यांना पाठ असतं, शून्याने भागलं की एक्सेप्शन. पण ते अर्धंच खरं आहे. समजा दिवसाचा सरासरी दर काढायचा आहे, म्हणजे एकूण रक्कम भागिले एकूण वजन. आवकच झाली नाही तर दोन्ही शून्य. जावात हे आकडे पूर्णांक असतील तर ॲरिथमेटिकएक्सेप्शन येईल. डबल, म्हणजे दशांश संख्या, असतील तर काहीच येणार नाही. उत्तर म्हणून ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असं एक मूल्य मिळेल आणि ते पुढच्या प्रत्येक बेरजेत शिरेल. महिन्याच्या अहवालातली एक ओळ बिघडली की खालची बेरीजही बिघडली. पायथन दोन्ही वेळा झीरोडिव्हिजनएरर देतो, ते मला जास्त पसंत आहे. जावात हे तुम्हालाच तपासावं लागतं.

पैशासाठी जावात डबल वापरूच नका, बिगडेसिमल वापरा. फक्त बिगडेसिमलचा भागाकार करताना दशांशानंतर किती घरं आणि पूर्णांकन कसं, हे सांगा. नाही सांगितलं आणि दहा भागिले तीनसारखा न संपणारा भागाकार आला, की तोही ॲरिथमेटिकएक्सेप्शन फेकतो. चाचणीत सगळे भागाकार नीट जातात आणि ऐन हंगामात एखादा अडतो.

तिसरा नेहमीचा प्रकार म्हणजे नल, ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारं मूल्य. दर हॅशमॅपमध्ये ठेवलेत, लॉट नंबर दिला की दर मिळतो. लॉट सापडला नाही तर जावाचा हॅशमॅप फुटत नाही, गुपचूप नल देतो. तो नल तुम्ही साध्या इंटमध्ये टाकायला गेलात की नलपॉइंटरएक्सेप्शन. पायथनच्या डिक्शनरीत चौकटी कंसाने विचारलंत तर कीएरर जागच्या जागी येतो. नल रेफरन्स ही कल्पना टोनी होअर यांनी 1965 मध्ये एका भाषेत आणली आणि 2009 मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. जावा 14 पासून, म्हणजे 2020 पासून, नेमकी कोणती गोष्ट नल होती हे निरोपात सांगण्याची सोय आली आणि जावा 15 पासून ती आपोआप चालू असते. जुन्या जावावर शिकत असाल तर एवढ्या एका कारणासाठीसुद्धा नवीन घ्या.

फाइल न सापडणं, डेटाबेसशी संपर्क तुटणं, प्रिंटरचा कागद संपणं, ही चौथी जात. यात कोडची चूक नसते आणि दिवाणजींचीही नसते.

तिसरी पायरी: पकडायचा कुठे

लेखाचा गाभा इथे आहे.

एक्सेप्शन फेकला गेला की भाषा काय करते ते आधी बघा. त्या फंक्शनमध्ये योग्य कॅच आहे का बघते. नसेल तर ते फंक्शन तिथेच संपवते आणि ज्याने बोलावलं त्याच्याकडे जाते. तिथेही नसेल तर आणखी वर. अगदी वरपर्यंत कुणीच पकडला नाही तर तो धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रामातला कामाचा एक प्रवाह), आणि साध्या प्रोग्रामात अख्खा प्रोग्राम, बंद पडतो. वर जाण्याची ही वाट भाषेने मुद्दाम दिलेली आहे, कारण जिथे बिघडतं तिथे काय करायचं हे ठरवण्याइतकी माहिती बहुतेक वेळा नसते.

आपल्या प्रोग्रामात तीन थर आहेत. सगळ्यात खाली मजकुरातून आकडा काढणारं ‘वजन वाचा’. त्याच्या वर ‘पट्टी काढा’. सगळ्यात वर दिवाणजींसमोरचा स्क्रीन. दिवाणजींनी वजनाच्या जागी काहीतरी भलतंच टाकलं, तर कुणी काय करायचं?

‘वजन वाचा’ काय करू शकतं? शून्य परत दिलं तर पट्टी शून्याची निघेल. उणे एक दिलं तर शेतकऱ्याकडूनच पैसे येणं निघेल. स्वतःच स्क्रीनवर निरोप दाखवला, तर उद्या तेच फंक्शन मोबाइलसाठी वापरता येणार नाही. त्याच्या हातात एकच प्रामाणिक गोष्ट आहे: मला हे जमलं नाही, असं सांगून एक्सेप्शन वर जाऊ देणं.

‘पट्टी काढा’ तरी काय करेल? वजनाशिवाय पट्टी निघत नाही. त्यानेही जाऊ द्यावं.

स्क्रीन मात्र करू शकतो. त्याच्यासमोर माणूस बसलाय. वजनाचा रकाना लाल करायचा, ‘वजन क्विंटलमध्ये आकड्यात टाका’ असं म्हणायचं आणि पुन्हा विचारायचं. म्हणून कॅच तिथे.

स्क्रीनच्या ‘पट्टी करा’ बटणामागे असं काही असेल:

ट्राय
    पट्टी = पट्टीकाढा(लॉट, वजनाचा मजकूर)
    पट्टीछापा(पट्टी)
कॅच वजनचुकलं
    वजनाचा रकाना लाल करा, निरोप दाखवा
कॅच दरमिळालानाही
    ‘या लॉटचा सौदा अजून नोंदलेला नाही’ असं सांगा

खालच्या दोन्ही थरांत ट्राय नाही. नवख्यांना हे उघडंबोडकं वाटतं, पण ते तसंच असायला हवं. कॅच लिहायच्या आधी स्वतःला विचारा: इथे पकडून मी नेमकं काय करणार आहे? पुन्हा विचारणार, दुसरा मार्ग घेणार, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणार, की निरोपात भर घालून पुढे पाठवणार? यातलं काहीच नसेल तर कॅच लिहू नका.

वर सोडायचं याचा अर्थ वर कुणीच नसलं तरी चालेल असा नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियान 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. संख्या मोठी निघाली, एक्सेप्शन आला आणि तो हाताळणारं तिथे कुणी नव्हतं. यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली होती. कोडचा तो भाग एरियान 4 मधून जसाच्या तसा आलेला होता आणि उड्डाणानंतर त्याचं कामही उरत नव्हतं. खालच्या फंक्शनने एक्सेप्शन वर सोडला की वरच्या कुणीतरी तो घेणार आहे, हे आधी ठरलेलं असायला हवं. म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या अगदी वरच्या टोकाला एक शेवटची जाळी ठेवा. जे कुठेच पकडलं गेलं नाही ते तिथे लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, संपूर्ण ट्रेससह लिहायचं, माणसाला साध्या शब्दांत सांगायचं आणि ते काम थांबवायचं.

चौथी पायरी: नेमका प्रकार पकडा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांत एक्सेप्शन हा क्लास असतो आणि त्याला वंशावळ असते. जावात सगळ्यांचा मूळपुरुष थ्रोएबल. त्याची दोन मुलं, एरर आणि एक्सेप्शन. मेमरी संपली, स्टॅक भरला असे प्रकार एररच्या घरात येतात, त्यांना हात लावू नका. एक्सेप्शनखाली रनटाइमएक्सेप्शन येतो, त्याखाली इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन आणि त्याखाली आपला नंबरफॉरमॅटएक्सेप्शन.

वरचा प्रकार पकडला की त्याचा सगळा वंश पकडला जातो. म्हणून ‘कॅच एक्सेप्शन’ लिहिणं सोपं वाटतं आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. वजन चुकल्याचा निरोप दाखवायला तुम्ही एक्सेप्शन पकडलात, आणि त्याच ट्रायमध्ये तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये नलपॉइंटर आला, तर दिवाणजींना ‘वजन नीट टाका’ असंच दिसत राहील. बिचारे वजन पुन्हा पुन्हा टाकत बसतील. वजन पहिल्यापासून बरोबरच होतं.

दोन कॅच असतील तर आधी मूल, मग बाप. उलट लिहिलंत तर जावा कंपाइलच करत नाही. पायथन काही बोलत नाही, पहिला जुळणारा एक्सेप्ट घेतो आणि खालचा कधीच चालत नाही. पायथनमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळा: नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून पुढे प्रकारच दिला नाही, तर कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवायचा प्रयत्नसुद्धा त्यात अडकतो, कारण कीबोर्डइंटरप्ट हा एक्सेप्शनच्या वंशातला नसून थेट बेसएक्सेप्शनचा आहे. सी प्लस प्लसमध्ये पकडताना रेफरन्सने पकडा, नाहीतर मुलाच्या क्लासची जादा माहिती कापली जाते.

पाचवी पायरी: गिळू नका

रिकामा कॅच म्हणजे एक्सेप्शन गिळणं. शून्य किंवा रिकामी ओळ परत देणं हा त्याचाच दुसरा प्रकार, आणि तो जास्त घातक, कारण वरून बघणाऱ्याला कोड नीटनेटका वाटतो.

सांगलीतली मुलं कृष्णेच्या पाणीपातळीचे प्रकल्प करतात, कारण 2019 चा पूर सगळ्यांच्या घरात शिरलेला किंवा घराजवळ आलेला आहे. समजा तुमचा प्रोग्राम आयर्विन पुलाजवळची पातळी दर तासाला वाचतो. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. संपर्क तुटला, वाचन आलं नाही, एक्सेप्शन आला आणि कॅचमध्ये तुम्ही पातळी शून्य धरलीत. प्रोग्राम तुलना करेल, शून्य चाळीसपेक्षा कमी, म्हणजे धोका नाही. संपर्क तुटायची शक्यता पुराच्या रात्रीच सगळ्यात जास्त, आणि नेमक्या त्याच रात्री हा प्रोग्राम हिरवा दिवा दाखवेल. ‘वाचन मिळालं नाही’ ही ‘पाणी कमी आहे’ याहून अगदी वेगळी बातमी आहे. ती तशीच वर पोचली पाहिजे.

पट्टीचंही तेच. हमालीचा दर वाचता आला नाही म्हणून हमाली शून्य धरली, तर पट्टी छापली जाते, शेतकरी पैसे घेऊन घरी जातो आणि हिशोब जुळत नाही हे वर्षअखेरीला कळतं. त्यापेक्षा पट्टी अडलेली बरी. रांगेत चार माणसं कुरकुरतील, पण चूक त्याच दिवशी सापडेल.

पकडून पुढे पाठवताना मूळ कारण हरवू देऊ नका. जावात नवा एक्सेप्शन बनवताना जुना त्याच्या कन्स्ट्रक्टरला द्या, म्हणजे ट्रेसमध्ये ‘कॉज्ड बाय’ दिसतो. पायथनमध्ये ‘रेझ’सोबत ‘फ्रॉम’ लिहा. सी शार्पमध्ये तोच एक्सेप्शन परत फेकायचा असेल तर नुसतं ‘थ्रो’ लिहा. ‘थ्रो’पुढे त्याचं नाव लिहिलंत तर ट्रेस तिथून नव्याने सुरू होतो आणि आधीची वाट पुसली जाते.

सहावी पायरी: उघडलेलं बंद करा

फायनली हा भाग एक्सेप्शन आला तरी चालतो, नाही आला तरी चालतो. सौद्यांची फाइल उघडलीत, डेटाबेसचं कनेक्शन घेतलंत, तर ते बंद करायची जागा ही. पण हल्ली हातानं फायनली लिहायची वेळ क्वचित यावी. जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून, ट्रायच्या कंसातच फाइल उघडता येते आणि ती आपोआप बंद होते. पायथनमध्ये ‘विथ’, सी शार्पमध्ये ‘युझिंग’. सी प्लस प्लसमध्ये फायनली नाहीच. तिथे ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारं फंक्शन, हे काम करतो आणि डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ द्यायचा नसतो.

फायनलीत ‘रिटर्न’ कधी लिहू नका. जावात आणि पायथनमध्ये तसं केलं की वर निघालेला एक्सेप्शन निमूटपणे नाहीसा होतो. सी शार्प ते कंपाइलच करत नाही. आणि लाइट गेली, मशीनच बंद पडलं, तर फायनलीही चालत नाही. म्हणून पुढची पायरी.

सातवी पायरी: अर्धवट काम मागे ठेवू नका

पट्टी पक्की करताना दोन नोंदी होतात. शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम जमा आणि त्याच्या उचलीतून वजावट. पहिली झाली आणि दुसरीच्या आधी एक्सेप्शन आला तर? तुम्ही तो नीट पकडलात, सुंदर निरोप दाखवलात, दिवाणजींनी पुन्हा बटण दाबलं आणि रक्कम दोनदा जमा झाली.

डेटाबेसमध्ये याला ट्रान्झॅक्शनचा इलाज आहे: सगळ्या नोंदी एकत्र पक्क्या, नाहीतर एकही नाही. जावाचं डेटाबेस कनेक्शन मुळात प्रत्येक ओळ लगेच पक्की करतं, म्हणजे ऑटोकमिट चालू असतं. ते बंद करा, दोन्ही नोंदी करा, शेवटी कमिट. मध्ये काहीही फुटलं तर रोलबॅक, म्हणजे झालेलं सगळं मागे, आणि मग एक्सेप्शन वर जाऊ द्या. मशीन अचानक बंद पडलं तरी कमिट न झालेलं काम डेटाबेस स्वतः मागे घेतो.

डेटाबेस नसलेल्या जागी साधा नियम आहे. फुटू शकणारं सगळं आधी करून घ्या: वाचणं, तपासणं, गणित. ऑब्जेक्टमधली मूल्यं बदलायचं काम अगदी शेवटी, सगळं हातात आल्यावर.

आठवी पायरी: स्वतःचे एक्सेप्शन

वरच्या नमुन्यात ‘वजनचुकलं’ आणि ‘दरमिळालानाही’ असे दोन प्रकार होते. ते जावात नसतात, आपण बनवायचे. एक्सेप्शन किंवा रनटाइमएक्सेप्शनवरून क्लास काढायचा, बस. त्यात उपयोगाची माहिती ठेवा, जसं लॉट नंबर किंवा टाइप केलेला मजकूर. पण पंधरा-वीस प्रकार बनवू नका. पकडणारा ज्यांना वेगवेगळं वागवणार आहे, तेवढेच वेगळे करा.

जावात चेक्ड आणि अनचेक्ड असा भेद आहे. चेक्ड असेल तर कंपाइलर पकडायला किंवा ‘थ्रोज’मध्ये जाहीर करायला लावतो, आयओएक्सेप्शन हे त्याचं ठळक उदाहरण. पायथन, सी शार्प, कोटलिन यांत असला भेद नाही. नवखी माणसं कंपाइलरची कटकट थांबावी म्हणून रिकामा कॅच लिहितात. त्यापेक्षा ‘थ्रोज’ लिहून वर पाठवा, किंवा स्वतःच्या अनचेक्ड प्रकारात गुंडाळून पाठवा.

जे रोज घडणारच आहे त्याला एक्सेप्शन करू नका. दिवाणजींनी नाव शोधलं आणि खातं सापडलं नाही, यात बिघाड काही नाही, नवा शेतकरी आलाय एवढंच. जावात त्यासाठी ऑप्शनल, म्हणजे ‘असेल किंवा नसेल’ असं उत्तर, परत द्या.

निरोप दोन, वाचणारे दोन

दिवाणजींना ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ दाखवून उपयोग नाही. त्यांना मराठीत सांगा: काय झालं, आता काय करायचं, आणि पट्टी झाली की नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच नेहमी राहून जातं.

लॉग तुमच्यासाठी. त्यात वेळ, लॉट नंबर, टाइप केलेला मजकूर आणि पूर्ण ट्रेस. बँक खातं किंवा आधार क्रमांक लॉगमध्ये जाऊ देऊ नका. एकच एक्सेप्शन प्रत्येक थरात लॉग करत बसू नका, नाहीतर एका बिघाडाचे पाच बिघाड दिसतात. जिथे तो थांबतो तिथेच एकदा लिहा.

शेवटी टेस्ट

एक्सेप्शनच्या वाटा रोजच्या वापरात क्वचित चालतात, म्हणून त्यांच्यातल्या चुका वर्षानुवर्षं टिकतात. टेस्ट लिहायला जावात जेयुनिट आहे, त्यात ‘असर्टथ्रोज’ मिळतं; पायथनच्या पायटेस्टमध्ये ‘रेझेस’. त्यांनी तपासायचं ते इतकंच की अमुक दिलं तर तमुक एक्सेप्शन यायलाच हवा, आणि आला नाही तर टेस्ट नापास.

पट्टीच्या प्रोग्रामला हे देऊन बघा: रिकामं वजन, उणे वजन, स्वल्पविराम असलेला दर, देवनागरी आकडे, मागेपुढे स्पेस, न नोंदलेला लॉट, आणि दोन नोंदींच्या मध्ये मुद्दाम फेकलेला एक्सेप्शन. शेवटच्या टेस्टमध्ये निरोप बरोबर आला एवढ्यावर थांबू नका. खातं उघडून रक्कम होती तेवढीच आहे हे बघा, मग तीच पट्टी पुन्हा करा आणि रक्कम एकदाच जमा झाली का तेही बघा.